भिंत कुठे घालायची?

तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांत रिअॅक्टर म्हणजे दुहेरी भिंतीचं उभं भांडं. आत बॅच, वर ढवळणीची मोटर, बाहेरच्या जॅकेटमध्ये गरजेप्रमाणे वाफ, पाणी नाहीतर ब्राइन. शेजारच्या पॅनलवर हातात मावेल एवढा कंट्रोलर असतो. सेन्सरकडून तापमान घ्यायचं, हिशेब करायचा, वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवायचं, हे काम तो सेकंदाला दहा वेळा करतो. त्याच्या पोटातल्या चिपवर एक छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तिच्यावर पाच-सहा टास्क. प्रश्न असा की या सगळ्या टास्कनी एकाच मोकळ्या मेमरीत नांदायचं, की प्रत्येकाच्या हद्दीला भिंत घालायची?

घरातल्या कॉम्प्युटरवर हा वाद केव्हाच मिटला. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी मिळते. लहान चिपवर मात्र तो अजून जिवंत आहे आणि त्याचा निकाल कुणाच्या तरी रात्रपाळीवर परिणाम करतो. पुढच्या संवादातले मामा पालघरचे. बोईसरच्या कारखान्यांना कंट्रोलर बनवून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाची पुण्यात गाड्यांच्या ब्रेकचं फर्मवेअर लिहिते आणि सध्या मामांच्या नव्या कंट्रोलरचा आराखडा तपासते आहे. दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, म्हणून दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे.

भाची : मामा, मॅप फाइल बघितली. ३२ केबी रॅम, सहा टास्क, आणि सगळ्यांना सगळं उघडं. डिस्प्लेच्या टास्कला वाटलं तर तो थेट व्हॉल्व्हच्या आउटपुटवर लिहू शकतो.

मामा : शकतो, पण लिहीत नाही. तो कोड मी लिहिलाय आणि ओळ न् ओळ मला पाठ आहे. सपाट मेमरी मी आळसानं घेतलेली नाही. ती किती कष्टानं हाती आली हे तुमच्या पिढीला माहीत नाही.

भाची : मग सांग ना.

मामा : ८०८५ या चिपला ६४ केबीची एकच ओळ होती, तेव्हा सोपं होतं. मग ८०८६ आला. मेमरी एक एमबी, पण पत्ता दोन तुकड्यांत : सेगमेंटला सोळानं गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. एकाच बाइटला ४०९६ पर्यंत वेगवेगळ्या जोड्यांनी हाक मारता यायची. दोन पॉइंटर दिसायला वेगळे, पोचायचे एकाच जागी. ८०५१ वर तर आणखी मजल. कोडची मेमरी वेगळी, बाहेरची रॅम वेगळी, आतली जेमतेम १२८ बाइटची वेगळी. पॉइंटर यातल्या कुठल्या मेमरीचा ते आधी सांगायचं. नाही सांगितलं, तर कंपायलर तीन बाइटचा पॉइंटर करायचा. दोन बाइट पत्त्याचे आणि एक, मेमरी कुठली ते लक्षात ठेवायला. १२८ बाइटच्या संसारात तो एक बाइटही जड व्हायचा.

भाची : आणि कॉर्टेक्स-एम आल्यावर सुटका झाली.

मामा : सुटकाच. चार जीबीची सलग ओळ. खाली फ्लॅश, हेक्समधल्या २००००००० पासून रॅम, ४००००००० पासून टायमर, यूआर्ट वगैरे पेरिफेरल. एकाच तऱ्हेचा पॉइंटर सगळीकडे पोचतो. मॅप फाइलमध्ये जो पत्ता, तोच डीबगरमध्ये, तोच डीएमएला द्यायचा. रात्री दोन वाजता कारखान्यातून फोन आला, तर मला भाषांतर करत बसावं लागत नाही. हे सोडून तू मला परत कप्प्यांत घालणार?

भाची : नाही. पत्ते सपाटच राहू देत. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरतोयस. एक, पत्त्याचं भाषांतर. दुसरी, पत्त्यावर जायची परवानगी. मोठ्या प्रोसेसरमधलं एमएमयू दोन्ही करतं : प्रोग्रॅमला खोटा पत्ता दाखवतं, मागे खऱ्यात बदलतं, आणि परवानगीही तपासतं. कॉर्टेक्स-एममधलं एमपीयू फक्त परवानगी बघतं. पत्ता जो आहे तोच राहतो. तुझी मॅप फाइल तेवढीच खरी.

मामा : आणि वेळ? माझ्या लूपला शंभर मिलिसेकंद मिळतात. त्यात सरासरी काय लागते याला मी काही किंमत देत नाही. वाईटात वाईट किती लागेल ते मला सांगता आलं पाहिजे. भाषांतराचा तक्ता मेमरीत असतो. नुकतेच वापरलेले पत्ते जवळच्या टीएलबीत सापडले तर काम झटक्यात, नाही सापडले तर तक्ता चाळायला जावं लागतं. एकच ओळ आज एवढ्या वेळात, उद्या तिप्पट वेळात. ब्रेकच्या फर्मवेअरमध्ये हे चालतं तुमच्याकडे?

भाची : तुझी तक्रार बरोबर आहे, पण ती भाषांतराबद्दल आहे. एमपीयूत चाळायला तक्ताच नाही. कॉर्टेक्स-एम४ वर बहुतेक आठ प्रदेश, प्रत्येकाची सुरुवात, आकार आणि हक्क चिपच्या आतल्याच रजिस्टरांत. टास्क बदलताना त्यातले तीन-चार प्रदेश नव्यानं लिहायचे. त्याला वेळ लागतो, पण दर वेळी तेवढाच. जे कायम तेवढंच लागतं, ते तू तुझ्या वाईटात वाईट हिशेबात एकदाच धरू शकतोस.

मामा : बरं, वेळेचा मुद्दा मी अर्धा सोडला. पण जागेचं काय? प्रदेशाचा आकार दोनाच्या घातात हवा : ३२, ६४, १२८. शिवाय सुरुवातही त्याच पटीच्या पत्त्यावर. माझ्या टास्कला ६०० बाइट लागतात, तर १०२४ अडवायचे?

भाची : प्रदेश २५६ बाइटचा किंवा मोठा असला तर त्याचे आठ समान भाग पडतात आणि नको ते बंद ठेवता येतात. १०२४ चे आठ म्हणजे १२८ चा एकेक. पाच चालू ठेवले की ६४०. वाया गेले चाळीस. नव्या कॉर्टेक्स-एम३३ वर तर हे बंधनही नाही. ३२ च्या पटीत कुठूनही कुठपर्यंत. तुझ्या जुन्या बोर्डवर हा प्रश्न आला नाही, कारण त्या चिपमध्ये एमपीयूच नव्हतं. ते घालायचं की नाही हे चिप बनवणारा ठरवतो. नव्या चिपमध्ये आहे. पैसे देऊन घेतलेली गोष्ट आपण बंद करून ठेवलीय.

मामा : चालू करून मला मिळणार काय, ते सांग.

भाची : सांगत नाही, दाखवते. हा तुझाच नवा बोर्ड. व्हॉल्व्हच्या जागी मिलिअँपिअर मीटर लावलाय. कंट्रोल रूमशी बोलणाऱ्या मॉडबसच्या टास्कचा बफर ६४ बाइटचा, पत्ता २००००१४० पासून २००००१७एफ पर्यंत. त्याच्या पुढचा पत्ता २००००१८०. तिथे काय आहे?

मामा : पीआयडीची, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचा त्या हिशेबाची, साठत जाणारी बेरीज. चार बाइटची.

भाची : आता कंट्रोल रूममधून मी ४० रजिस्टर एकदम लिहायचा निरोप पाठवते. निरोपात ८० बाइट मजकूर, पुढे सात, शेवटी तपासणीचे, म्हणजे सीआरसीचे, दोन. एकूण ८९. मॉडबसला हे पूर्ण मान्य आहे. त्याची मर्यादा २५६ ची. तुझा टास्क रांगेतून एकेक बाइट उचलतो आणि बफरमध्ये मांडतो. लांबी तपासत नाही, कारण आजवर कुणी ६४ च्या वर काही पाठवलंच नव्हतं. ६५ वा बाइट कुठे गेला?

मामा : २००००१८० वर.

भाची : आणि काय झालं बघ. सीआरसी बरोबर निघाला. उत्तर 'मिळालं' असं गेलं. डिस्प्ले नीट. वॉचडॉग खूश, कारण सगळे टास्क वेळेवर हजेरी लावतायत. चिपच्या दृष्टीनं एकही चूक झालेली नाही, कारण तो पत्ता रॅमचाच आहे आणि रॅममध्ये लिहायला सगळ्यांना मुभा आहे. फक्त मीटर १२ मिलिअँपिअरवरून २० वर गेला आणि तिथेच थांबलाय. म्हणजे वाफ पूर्ण उघडी.

मामा : (थोडं थांबून) लांबी तपासायला एक ओळ पुरते.

भाची : पुरते. ती आज घालू. पण ती घालायची हे कळलं, ते मी मुद्दाम शोधत होते म्हणून. आता तोच निरोप, एमपीयू चालू करून. मॉडबसच्या टास्कला २००००१०० पासून १२८ बाइट, म्हणजे बरोबर १७एफ पर्यंत, आणि त्याचा स्टॅक. बाकी बंद. पाठवते. ६५ व्या बाइटला फॉल्ट. तो बाइट लिहिलाच गेला नाही. नोंदीत पत्ता आहे २००००१८० आणि कुठल्या ओळीनं प्रयत्न केला तेही. मीटर १२ वरच. फोन रात्री दोनला आला तरी आता तुला शोधायला काही उरलं नाही.

मामा : हे मला पटलं. चुकीचं काम गुपचूप होण्यापेक्षा ते उघडं पडलेलं केव्हाही चांगलं. पण आता माझं ऐक. उद्या मी गती वाढवायला यूआर्ट डीएमएवर टाकला, तर? डीएमए रॅममध्ये स्वतः लिहितो, सीपीयूच्या वाटेनं जात नाही. तुझं एमपीयू सीपीयूच्या दारात उभं आहे. डीएमएला चुकीची लांबी दिली की तो तुझ्या भिंतीच्या पलीकडून आत.

भाची : खरं आहे. म्हणून डीएमएची रजिस्टर साध्या टास्कला दिसता कामा नयेत. ती फक्त ड्रायव्हरकडे, आणि लांबी तिथे ठरलेली.

मामा : आणि ड्रायव्हर विशेष हक्कानं चालतो. इंटरप्टही. त्यांनी ठरवलं तर भिंतच उचलून दुसरीकडे ठेवतील. शिवाय टास्कनं स्वतःच्या हद्दीत चुकीचा आकडा लिहिला, तर तुझी भिंत काय करणार? थेरॅक-२५ आठवतं? किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भलताच मोठा डोस बसला, काही दगावले. त्यात एक बाइटचा मोजणारा होता. दर २५६ व्या वेळी तो वाढत वाढत परत शून्य व्हायचा, आणि शून्य म्हणजे 'तपासणी नको' असं गृहीत धरलेलं. आपल्याच घरात, आपल्याच हक्कानं केलेली चूक. एमपीयूला ती कधी दिसलीच नसती.

भाची : नसती दिसली. पण त्याच यंत्रात टास्क एकमेकांच्या सामायिक जागा वाटेल तेव्हा वाचत-लिहीत होते, ऑपरेटरनं पटापट बटणं दाबली की गोंधळ व्हायचा. तोही धडा आहेच ना?

मामा : आहे. पण माझ्या मते मोठा धडा तिसराच. आधीच्या थेरॅक-२० मध्ये तारांची आणि रिलेची वेगळी कुलपं होती. २५ मध्ये ती काढली आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. म्हणून म्हणतो, मेमरीतली भिंत हीच मोठी सुरक्षा समजू नकोस. खरी भिंत बघायची तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं तीन आणि चार नंबरचं युनिट, ५४० मेगावॅटची. रोजचं नियंत्रण करणारी यंत्रणा १४ कप्प्यांतल्या साध्या पाण्याची पातळी कमी-जास्त करून शक्ती सांभाळते. पण भट्टी बंद करायची वेळ आली तर त्यासाठी दोन यंत्रणा निराळ्या. एक दांडे खाली सोडते, दुसरी मॉडरेटरमध्ये न्यूट्रॉन शोषणारं द्रावण सोडते. तत्त्वही वेगळं, वाटही वेगळी. नियंत्रण करणारा चुकला तरी थांबवणारा त्याच्यावर अवलंबून नाही.

भाची : मामा, तू माझीच बाजू मांडतोयस. काँक्रीट आणि वायरिंगमध्ये तुला वेगळेपण हवं, मेमरीत मात्र सगळे एका खोलीत.

मामा : तिथे दोन भिंतींचा पाया एक नाही. तुझ्या एमपीयूचा पाया तीच चिप, तोच वीजपुरवठा, तोच प्रोग्रॅमर. दोन्हींची किंमत सारखी धरू नकोस, एवढंच. आणि आता मुख्य मुद्दा. तुझा फॉल्ट आला. पुढे काय?

भाची : रीसेट.

मामा : बॅचमध्ये उष्णता सुटणारी अभिक्रिया चालू आहे. रीसेटच्या वेळात आउटपुट शून्यावर आले, ढवळणी थांबली, थंड पाणी बंद झालं. वाफ बंद झाली म्हणून तू निश्चिंत, आणि भांडं आतून स्वतःच तापतंय. थांबणं म्हणजे सुरक्षित, असं सगळीकडे नसतं. अणुभट्टीसुद्धा बंद केल्याक्षणी गार होत नाही. पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता लगेच नंतरही निघत राहते, ती काढत राहावी लागते. सूर्या नदीवर धामणीच्या धरणाला नुसती भिंत नाही घातली, पाणी चढल्यावर कुठून सोडायचं तेही आधी बांधलं. तुझ्या भिंतीला सांडवा कुठे आहे?

भाची : हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. पाथफाइंडरचंही तसंच होतं. १९९७ मध्ये मंगळावर उतरल्यावर ते यान सारखं रीसेट होत होतं. कमी प्राधान्याचा टास्क कुलूप धरून बसायचा, मधल्या प्राधान्याचे त्याला पुढे जाऊ देत नसत, आणि सगळ्यात महत्त्वाचा टास्क ताटकळायचा. वेळ चुकली की यंत्रणा स्वतःला नव्यानं सुरू करायची. दोष वाईट होता, पण बिघडल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं, म्हणून यान वाचलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवर तोच दोष घडवून पाहिला आणि कुलपाची एक सेटिंग बदलून पाठवली.

मामा : आणि तिथली ऑपरेटिंग सिस्टिम, व्हीएक्सवर्क्स, तेव्हा सपाटच होती, हेही लिहून घे.

भाची : घेतलं. तिनंच पुढे सहाव्या आवृत्तीत वेगळ्या मेमरीचे प्रोसेस आणले, तेही लिही. क्यूएनएक्सनं तर ड्रायव्हरसुद्धा कर्नलबाहेर, स्वतःच्या हद्दीत ठेवले. फ्रीआरटॉसमध्ये एमपीयूची सोय आहे, आपण ती वापरत नाही. जग एका बाजूला सरकतंय, मामा.

मामा : जगाला मोठ्या चिप परवडतात. मला ऑपरेटर परवडला पाहिजे, जो पहाटे चारला त्या भांड्याशेजारी उभा असतो. चल, कागद घे. भिंत कुठे घालायची ते आपण टास्क धरून ठरवू.

भाची : मॉडबस?

मामा : भिंतीत. बाहेरून काय येईल ते आपल्या हातात नाही. तो टास्क मेला तर कंट्रोलरनं शेवटच्या सेटपॉइंटवर काम चालू ठेवायचं, हूटर द्यायचा, कंट्रोल रूमला 'संपर्क तुटला' दिसलं पाहिजे. टास्क एकदा नव्यानं सुरू करायचा; पुन्हा पडला तर बंद ठेवायचा.

भाची : डिस्प्ले आणि नोंदी पेनड्राइव्हवर उतरवणारा?

मामा : भिंतीत. ती यूएसबीची लायब्ररी आपण लिहिलेली नाही. ती पडली तर नोंद बुडेल, बॅच नाही.

भाची : तापमान वाचणारा, पीआयडी आणि अलार्म?

मामा : हे तिघं एकत्र. हे माझे. यांच्यात भिंत घातलीस तर दर वेळी आकडे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पोचवायचा नवा कोड लिहावा लागेल, आणि चुका त्यातच शिरतील.

भाची : निदान प्रत्येकाच्या स्टॅकच्या तळाशी ३२ बाइटची बंद पट्टी? स्टॅक वाहून दुसऱ्याच्या मेमरीत गेला तर लगेच कळेल.

मामा : ती घाल. आणि या तिघांपैकी कुणाकडून फॉल्ट आला तर वाफ बंद, थंड पाणी उघडं, ढवळणी चालू. पुन्हा सुरू ऑपरेटर करेल, आपोआप नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याच हिशेबानं निवडायच्या : सिग्नल किंवा हवा गेली की वाफेचा मिटला पाहिजे, पाण्याचा उघडला पाहिजे. ढवळणीचा कॉन्टॅक्टरही असा जोडायचा, की कंट्रोलर गप्प झाला म्हणून मोटर थांबणार नाही.

भाची : आणि सगळ्यांत वर तुझं कुलूप.

मामा : वेगळा सेन्सर, वेगळा रिले, वेगळा सप्लाय. ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की वाफेची लाइन तोडायची. त्याला आपल्या चिपमधलं काही माहीत नसावं. ही भिंत आधी, तुझी नंतर.

भाची : मान्य. एक मात्र मला अजून खटकतं. तुझे ते तीन टास्क मोकळे, कारण 'ते माझे.' हा कंट्रोलर पंधरा-वीस वर्षं पॅनलवर राहील. तुझ्यानंतर त्या कोडमध्ये हात घालणाऱ्याला तो पाठ नसेल.

मामा : म्हणून मी त्याच्यासाठी कोड छोटा ठेवतो. भिंती आहेत म्हटल्यावर लोक आत वाटेल ते लिहायला लागतात.

भाची : आणि भिंती नाहीत म्हटल्यावर लोक वाटेल ते लिहीत नाहीत, असं काही दिसत नाही.

इथे दोघांचं एकमत झालं नाही, आणि मला वाटतं तेवढा मतभेद राहणं निरोगी आहे. ज्यावर एकमत झालं ते मात्र बोईसरच्या प्रत्येक खरेदी विभागानं वाचावं असं आहे. आज अशा कंट्रोलरच्या मागणीपत्रात अचूकता किती, डिस्प्ले केवढा, किंमत काय, हे विचारलं जातं. त्याखाली आणखी तीन प्रश्न आले पाहिजेत. बाहेरून येणारा मजकूर ज्या टास्ककडे जातो, त्याला व्हॉल्व्हच्या मेमरीला हात लावता येतो का? प्रत्येक टास्क पडल्यावर व्हॉल्व्ह, पाणी आणि ढवळणी यांचं काय होतं, हे लिहून दिलं आहे का? आणि या चिपवर अजिबात अवलंबून नसलेलं तापमानाचं कुलूप कुठे आहे? सपाट मेमरीचा पुरस्कर्ता आणि भिंतींचा पुरस्कर्ता दोघंही या प्रश्नांना उत्तर देऊ शकतात. ज्याला देता येत नाही, त्याचा कंट्रोलर कितीही स्वस्त असला तरी माणसं उभी असतात त्या भांड्याशेजारी तो बसवू नये.